भार कोण पेलतो, हे आधी पाहावे

कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गामूर्ती घडविताना मातीला हात नंतर लागतो. आधी उभा राहतो तो बांबू-लाकडाचा सांगाडा. बंगालीत त्यास ‘काठामो’ म्हणतात. त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळला जातो आणि मग मातीचे थर चढतात. विसर्जनानंतर माती नदीत विरघळते. काठामो मात्र पुष्कळदा बाहेर काढून पुन्हा वापरला जातो. रूप कोण देते आणि भार कोण पेलतो, यांतील भेद येथे सहज कळतो. शेतीतील बांधकामांबाबत नेमका हाच भेद दुर्लक्षित राहतो.

रचनांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. भरीव रचना स्वतःच्या वजनावर टिकते. मातीचा बांध आणि दगडी ताल ही तिची उदाहरणे. कवच रचना आकारावर टिकते. अंड्याचे कवच, बांबूची कणगी आणि पत्र्याची गोल कोठी यांची भिंत पातळ असूनही वक्रतेमुळे भार सर्वत्र विभागला जातो. सांगाडा रचना दांड्या आणि सांधे यांवर उभी असते. द्राक्षाचा मांडव, कांदाचाळ, शेडनेट आणि हरितगृह या वर्गात मोडतात. 1943 मध्ये खुला झालेला हावडा पूल हा याच कुळातला. सुमारे 26,500 टन पोलादाचा हा पूल रिवेटांनी सांधलेला आहे आणि नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. त्याच्या सांगाड्यात जागोजागी दिसणारा त्रिकोण शोभेसाठी नाही. चौकोन जोराने एका बाजूस कलतो. त्रिकोण बाजू वाकल्याशिवाय किंवा सांधा तुटल्याशिवाय आकार सोडत नाही.

प्रकार वेगळा, तशी दुखण्याची जागाही वेगळी. बांधाला पाणी पोखरते, म्हणून सांडवा हवा. कोठीला पोचा आला की तिचे बळ घटते. सांगाडा मात्र बहुधा सांध्यात किंवा पायाशी हरतो. मे 2020 मध्ये कोलकात्यावर ‘अम्फान’ आणि जूनच्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळले. अशा वेळी हलक्या छपराला वारा केवळ ढकलत नाही, वर उचलतोही. म्हणून हरितगृहाच्या पायाने वजन पेलणे पुरेसे नाही. त्याने खांब जमिनीत धरूनही ठेवला पाहिजे.

तरीही शेड उभारताना चर्चा होते ती लांबी-रुंदी, पाइपची जाडी आणि अनुदान यांची. जाड पाइप हवाच. परंतु ढिला सांधा जाड पाइपने सुधारत नाही. तिरपे आधार आणि पक्के नांगर-खुंट यांमुळे खर्च वाढतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र उभ्या पिकासह कोसळलेली शेड त्याहून कितीतरी महाग पडते.

म्हणून विस्तार कार्यकर्त्याने बांधकामापूर्वी शेतकऱ्यासमवेत तीन प्रश्न सोडवावेत: ही रचना कोणत्या प्रकारची आहे? भार आणि वारा कोणत्या वाटेने जमिनीत उतरणार? त्या वाटेवरचा सर्वांत दुबळा सांधा कोणता? उत्तरे मिळेपर्यंत पहिला खड्डा खणू नये. कुमारटुलीचा कारागीरही काठामो पक्का झाल्यावाचून माती लावत नाही.