स्वहस्तें घडविलेली गाडी



मनुष्याची वस्तूवरील मालकी दोन मार्गांनीं सिद्ध होते. एक द्रव्य मोजून व दुसरी श्रम वेंचून. पहिलीचा पुरावा पावतीवर असतो, दुसरीचा तळहातावरील घट्ट्यांत. नांदेड-लातूरच्या बाजूस मोटारगाडी ही आतां अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. व्यापाऱ्याच्या पेढीपुढें, वकिलाच्या दारांत, शेतकऱ्याच्या आखाड्यावर ती उभी दिसते. परंतु तिच्या बॉनेटखालीं काय चाललें आहे हें जाणणारे मालक किती निघतील, ह्याची शंकाच आहे. प्रस्तुत लेखांत अशा एका गाडीविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे कीं, जी सुटे भाग जुळवून मालकानें स्वतः बांधावी. ती वजनानें हलकी, वरून उघडी व दोनच माणसांची असते. हा विषय शाळेच्या वार्षिकांत कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. आमचें मत मात्र असें आहे कीं, अशी गाडी मिरविण्याकरितां घेणें हा निव्वळ छंद असला, तरी ती बांधण्याचें शिक्षण हें आमच्या मराठवाड्यांतील मुलांस आज अत्यंत अवश्य असें शिक्षण आहे.

प्रथम तिचा इतिहास पाहूं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत इंग्लंडांत पुऱ्या बांधलेल्या नव्या मोटारीवर जबर खरेदी-कर द्यावा लागे; परंतु सुटे भाग घेऊन जो स्वतः गाडी जोडील त्यास हा कर पडत नसे. कॉलिन चॅपमन नांवाच्या तरुण इंजिनीयरानें ह्या सवलतीचा चतुराईनें उपयोग केला. त्याच्या लोटस कंपनीनें १९५७ सालीं 'सेव्हन' नांवाची गाडी काढली व ती सुट्या भागांच्या रूपानें विकली. गाडी जोडण्याच्या सूचना सोबत दिल्या तर सवलत जाते, म्हणून कंपनी गाडी सोडविण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या उलट्या क्रमानें वाची, अशी एक मौजेची हकीकत सांगतात! १९७३ सालीं करपद्धति बदलली व ही सवलत संपली. त्याच वर्षीं 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम नांवाच्या कंपनीकडे गेले. सवलत गेली, तरी लोकांची हौस गेली नाहीं. तीच गाडी थोड्याफार फरकानें अद्यापि तेथें बनते. पुढें १९९६ सालीं रॉन चॅम्पियन ह्यांनीं अवघ्या अडीचशें पौंडांत अशी गाडी घरीं कशी बांधावी, ह्याचें पुस्तकच प्रसिद्ध केलें. जुन्या मोडक्या मोटारीचें इंजिन घ्यावें, पोलादाच्या नळ्या कापून सांगाडा सांधावा व पत्रा बसवावा, अशी त्याची रीत आहे.

ह्या गाडीची सारी करामत तिच्या वजनांत आहे. मूळ 'सेव्हन' सुमारें ५०० किलोग्रॅम भरे. आजची साधी घरगुती मोटार बहुधा त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा अधिकच भरते. एवढें वजन कमी झालें तें कशानें? जें अवश्य नाहीं तें सर्व काढून टाकल्यानें, आणि जें ठेवलें तें विचारपूर्वक ठेवल्यानें. सांगाड्याचेंच उदाहरण घ्या. चार काठ्यांचीं टोकें एकेका खिळ्यानें जोडून चौकोन करा व एका कोपऱ्यास दाबा. तो लागलाच तिरपा होतो. आतां त्यांत कर्णावर पांचवी काठी बसवा. दोन त्रिकोण झाले. आतां काठी मोडेपर्यंत आकृति बदलणार नाहीं. बाजू ठरल्या कीं त्रिकोणाचे कोन ठरतात, हा जो सिद्धांत तुम्ही वर्गांत घोकून काढतां, तोच येथें बारीक नळ्यांच्या सांगाड्यास बळ देतो व माणसाचा जीव राखतो.

तीच गोष्ट गतिशास्त्राची. धांवत्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या प्रमाणांत व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वजन निम्में केलें, तर त्याच वेगानें धांवतांना ऊर्जा निम्मी होते व थांबतांना ब्रेकांस निम्मीच उष्णता पचवावी लागते. उलट वेग ताशी ४० किलोमीटरांचा ८० केला, तर ऊर्जा चौपट होते. उत्तरपत्रिकेंत हें सूत्र अचूक लिहिणारा मुलगा सायंकाळीं त्याच रस्त्यानें मोटारसायकल भरधांव सोडतो. कारण तें सूत्र त्याच्या बोटांपर्यंत पोंचलेलेंच नसतें. ज्यानें स्वतः ब्रेकची नळी बसविली, तींतील हवा काढली व पहिल्या खेपेस गाडी थांबेल कीं नाहीं ह्या काळजीनें ज्याचें काळीज धडधडलें, त्याला चौपटीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

अशी गाडी हांकण्याचें सुखहि वेगळेंच. आसन इतकें खालीं असतें कीं, हात बाहेर काढला तर जवळजवळ जमिनीस लागावा. खडी कोठें संपली व डांबर कोठें लागलें, हें स्टिअरिंगच्या चाकांतून तळहातास कळतें. ताशी ५० किलोमीटरांचा वेगहि येथें पुष्कळ वाटतो, म्हणून आनंदाकरितां अधिक धांवण्याची गरज पडत नाहीं. थंडीच्या दिवसांत पहाटे लातुराहून निघून अहमदपूर व लोह्यावरून नांदेडास जावें, म्हणजे वाटेंतील ज्वारीचीं रानें, गुऱ्हाळाचा वास आणि उगवतीचें ऊन ह्यांचा लाभ जसा बैलगाडींत बसणाऱ्यास होई तसा होतो. कांचा चढवून, थंड हवेचें यंत्र लावून जाणाऱ्यास हा प्रदेश केवळ खिडकींतून दिसतो.

तथापि दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. आमच्याकडे वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा वेळीं उघडी गाडी म्हणजे चाकांवरील तवा. धूळ नाकातोंडांत जाते, पावसांत कापडी छत अपुरें पडतें आणि गांवोगांवच्या गतिरोधकांवर गाडीचें पोट घांसतें. ठेंगणेपणामुळें उंच मालमोटारीच्या चालकास ती दिसत नाहीं, हा धोका तर सर्वांत मोठा. डोक्यावर पोलादी कमान, कमरेस व खांद्यास मजबूत पट्टे आणि डोळ्यांस चष्मा असल्यावांचून तींत बसूं नये. दर महिन्यास नटबोल्ट तपासावे लागतात. ज्यास हात काळे करण्याचा कंटाळा आहे, त्यानें ह्या वाटेस न जाणें बरें.

महाराष्ट्रांत व शेजारच्या गोव्यांत ह्या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें मात्र नाहीं. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांनीं १९४९ सालीं आपली पहिली छोटी मोटार सिद्ध केली व पुढें अनेक वर्षें ती सुधारीत नेली. 'मीरा' हें तिचें नांव कांहीं वृद्धांच्या अद्यापि स्मरणांत असेल. तिचा मोठा कारखाना मात्र उभा राहिला नाहीं. गोव्यांत १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची उघडी गाडी निघाली. तिचें अंग कांचतंतूंचें व इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें होतें; आतां ती बनत नाहीं. अलिबागेजवळ कार्लेखिंड येथें शमा बोस ह्यांच्या 'चिंकारा' कारखान्यानें तर 'सेव्हन'च्याच धर्तीची गाडी केली. तिला इसुझू जातीचें १.८ लिटरचें इंजिन बसविलें होतें.

परंतु आम्हांस विशेष वाटते ती सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील हकीकत. हें गांव यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान म्हणून आपणांस ठाऊक आहे. तेथील दत्तात्रय लोहार ह्या कारागिरानें जुन्या गाड्यांचे भाग जुळवून आपल्या मुलाकरितां एक लहानशी उघडी जीप बनविली. खर्च सुमारें ६०,००० रुपये. आणि दुचाकीप्रमाणें ती लाथ मारून सुरू करावयाची! डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र ह्यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें आज ना उद्यां अधिकारी ती रस्त्यावर येऊं देणार नाहींत, असेंहि त्यांनीं त्याच वेळीं म्हटलें. त्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली व जानेवारी २०२२ मध्यें ती दिली. कारागिराचा गौरव झाला ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ह्या प्रसंगानें एक प्रश्न उभा केला, तो अद्यापि तसाच आहे. दानशूर उद्योगपतीची दृष्टि ज्याच्यावर पडणार नाहीं, अशा दुसऱ्या कारागिरानें काय करावें?

कायद्याची स्थिति अशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, मूळ कारखानदाराच्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेकडून पारखून घ्यावा लागतो. एका नमुन्याच्या हजारों गाड्या काढणाऱ्यास हा खर्च सोसतो. आयुष्यांत एकच गाडी बांधणाऱ्यास तो कसा सोसावा? आम्ही कायदा मोडण्याचा उपदेश करीत नाहीं. ज्या रस्त्यानें लहान मुलें शाळेस येतात, त्यावर न तपासलेली गाडी येतां कामा नये, हें निर्विवाद आहे. परंतु इंग्लंडांत एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊं देण्याची रीत आहे. तेथें अधिकारी सांधे, ब्रेक, दिवे, पट्टे हीं सर्व पाहतो. उणें असेल तर सुधारून आणावयास सांगतो. तशी कडक पण गरिबास परवडणारी तपासणी आपल्याकडे कां नसावी? सरसकट मनाई असली कीं प्रामाणिक मनुष्य घरीं बसतो व अप्रामाणिक मनुष्य चोरून चालवितो. दोहोंतहि समाजाची हानि आहे.

आतां एक आक्षेप उरतो आणि तो हलका नाहीं. "ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें हौसेच्या गाड्यांच्या गोष्टी कसल्या करतां?" असें कोणी म्हणेल. गोष्ट हौसेपुरतीच असती, तर आम्हीहि तेंच म्हटलें असतें. पण विचार करा. ज्या हातानें नळी सरळ कापली व सांधा पक्का जोडला, तोच हात विहिरीवरचा पंप दुरुस्त करील, ठिबकाची योजना मांडील, पेरणीचें अवजार सुधारील. लातुराजवळ हरंगुळ येथें रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची कोनशिला २०१८ सालीं बसली व २०२० च्या डिसेंबरांत पहिला सांगाडा बाहेर पडला. त्या कारखान्याचीं कुशल कामें आपल्या मुलांनीं करावीं, कीं फाटकाबाहेर चहाचीं दुकानें मांडावींत? 'लातूर पॅटर्न' म्हणून आमच्या अभ्यासाची कीर्ति महाराष्ट्रभर पसरली. ती श्रमानें मिळविलेली आहे व आम्हांस तिचा अभिमान आहे. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रश्नसंच सोडविणाऱ्या कित्येक मुलांस पाना कसा धरावा हें ठाऊक नसतें, हीहि तितकीच खरी गोष्ट आहे.

ह्यावर उपाय नवा नाहीं. इंग्लंडांतील औंडल येथील शाळेचे मुख्याध्यापक सँडरसन ह्यांनीं १८९२ ते १९२२ ह्या तीस वर्षांत कर्मशाळेस वर्गाच्या बरोबरीचें स्थान दिलें. आपल्याकडे अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल ह्यांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं हातमाग सुधारून दाखविला. हल्लीं इंजिनिअरिंग कॉलेजांतील मुलामुलींकरितां २००७ पासून 'बाहा' नांवाची स्पर्धा होत आली आहे. तीहि स्वतः बांधलेल्या, उघड्या, एका आसनाच्या गाड्यांची. तिच्या मूळ प्रकारांत सर्व संघांस सारखेंच इंजिन असतें; म्हणजे ज्याचा सांगाडा हलका व मजबूत, तो पुढें. शर्यतीपूर्वीं ब्रेकानें चारहि चाकें एकदम थांबवून दाखवावीं लागतात व चालकानें ५ सेकंदांत गाडीबाहेर यावें लागतें. हें सर्व बंदिस्त मैदानावर चालतें. रस्त्याचा प्रश्नच येत नाहीं.

नांदेडास व लातुरास सरकारी तंत्रनिकेतनें आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजें आहेत. प्रत्येक हायस्कुलानें त्यांतील एकाशीं संधान बांधावें, भंगारांतून एक जुनें इंजिन मिळवावें, आणि नववीच्या मुलामुलींनीं जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं तें सोडवून पुन्हा जोडावें. पुढच्या वर्षीं सांगाडा, त्याच्या पुढच्या वर्षीं चाकें. गाडी पुरी झाली नाहीं, तरी शिक्षण वायां जाणार नाहीं. पुरी झालीच, तर शाळेच्या मैदानावर ताशी २० किलोमीटरांनीं चालली तरी पुरे.

विद्यार्थ्यांनो, उद्यां तुम्ही मिळविते व्हाल व हप्त्यांनीं चकचकीत मोटार घ्याल. अवश्य घ्या. परंतु तत्पूर्वीं एखादी तरी चालती वस्तु, मग ती सायकल कां असेना, पुरती सोडवून पुन्हा जोडा. शेवटीं एखादा स्क्रू हातांत उरला, तर तो फेंकून देऊं नका. तो कोठला, ह्याचा शोध करा. त्या शोधांत तुम्हांस जें कळेल, तें कोणत्याहि मार्गदर्शकांत छापलेलें नाहीं.