खुर्चीवरून उठताना

बँकेत होतो तेव्हा नोव्हेंबर महिन्याची मला गंमतही वाटे आणि धास्तीही. आधी पेणला, मग रोह्याला. पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला याच महिन्यात येत. (२०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आले आणि ती रांग हळूहळू ओसरली.) नाव पुकारल्यावर माणूस बाकावरून कसा उठतो हे बघायची मला खोडच लागली होती. कोणी टुणकन उठे, कोणी गुडघ्यांवर हात रेटून, कोणी शेजाऱ्याचा खांदा धरून. खांदा धरणारा पुढच्या वर्षी मुलाबरोबर येई. त्याच्या पुढच्या वर्षी बहुधा आम्हीच दाखल्यासाठी त्याच्या घरी जात असू.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात, हे फार उशिरा कळले. शब्द १९८९चा, अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांचा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांप्रमाणे हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शंका घ्यावी. मी घरी घड्याळ लावून पाहिले. १३ लागले. सौ.ने ११ सेकंदांत आटोपले आणि वर ‘झालं?’ म्हणून विचारले.

परवा रोह्याहून एक जुना सहकारी पेणला घरी आला. वय ६८. व्यायामशाळेतल्या कोणाच्या तरी सल्ल्याने तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घ्यायच्या बेतात होता. “अरे, खात्यात शिल्लक घटली की भरणा करायचा. त्यात काय एवढं?” बँकवाल्याला हा युक्तिवाद पटायचाच. क्षणभर मलाही पटला.

या समजुतीला बळ मिळाले ते १९९० साली. डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने वाढीचे हार्मोन दिले. चरबी घटली, स्नायूंचा भाग वाढला आणि तारुण्य विकणाऱ्यांची दुकाने थाटली गेली. पण खातेपुस्तकातला आकडा वाढणे वेगळे आणि गरजेला पैसे हाती येणे वेगळे. २००६ साली मेयो क्लिनिकच्या श्रीकुमारन नायर यांच्या चमूने वृद्धांना दोन वर्षे डीएचईए किंवा अल्प मात्रेत टेस्टोस्टेरॉन दिले, पण ताकदीत फरक पडला नाही. २०२३ची चाचणी पाच हजारांवर पुरुषांची. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुफ्फुसात गुठळी अडकणे, दोन्ही वाढले. हाडे मोडण्याचे प्रमाण घटेल अशी अपेक्षा होती; तेही वाढलेच.

त्याच १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. याची जाहिरात कोण करणार? वजन उचलण्याचे पेटंट निघत नाही.

त्यात आपले मुद्दलच कमी. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना लंडनच्या एका सहकारी डॉक्टरशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण चरबी त्यांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१. म्हणून पेणच्या पोह्या-पापडांवर म्हातारपण काढू नये. ताटात वालाचे बिरडे, अंडे, मासळी, जे चालत असेल ते हवे.

हार्मोन खरोखरच आटलेला असेल, तर इलाज जरूर करावा. पण ते सकाळच्या रक्ताच्या दोन तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ठरवायचे.

मित्राला आमच्या खुर्चीवर बसवले. चौथ्या वेळी त्याने टेबल धरले. काही बोलला नाही. चहा झाल्यावर म्हणाला, “आधी रक्त तपासून घेतो.” निघताना पायऱ्या उतरला, कठड्याला हात न लावता. लावायचा मोह झाला होता, ते मला दिसले.