फ्लायव्हील कातून देणार नाही, का ते सांगतो

मंडळी, आपल्या बेळगावात उद्यमबागेत ज्यांची लेथ आहे, त्यांच्याकडे हल्ली एक नवीनच काम येतंय. पोरं टर्बो गाडीचं फ्लायव्हील डिकीत घालून घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, तीन-चार किलो उतरवून द्या, पिकअप वाढतोय म्हणे." मी हे काम घेत नाही. माझं मत असं की दुसऱ्या कुणीही घेऊ नये, आणि पोरांना पैसे घालायचेच असतील तर त्यांनी ते आधी क्लचमध्ये घालावेत. पण नुसतं 'नाही' म्हटलं की पोरगं शेजारच्या शेडमध्ये जातंय. म्हणून कारणं हिशेबासकट मांडतो. घरात असं एखादं गाडीवेडं पोर असेल तर त्याला वाचायला द्या.

उदाहरणाला स्कोडा लॉरा १.८ टीएसआय घेऊ, गिअर हातानं टाकायची. कंपनीतून येताना तिचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर. पोरगं रीमॅप करून घेतं, टर्बोचा दाब वाढतो, समजा टॉर्क ३३० वर गेला. कट्ट्यावर चर्चा सगळी हॉर्सपॉवरची. क्लचचा संबंध मात्र टॉर्कशी. आणि टर्बो इंजिन हा टॉर्क दोन हजार आरपीएमच्या आसपासच देऊन टाकतं, म्हणजे रोजच्या चालवण्यातच क्लचवर पूर्ण जोर येतो.

क्लच किती टॉर्क पेलतो याचा हिशेब सोपा आहे. प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू दोन, यांचा गुणाकार. सोपे आकडे धरू. दाब ६००० न्यूटन, घर्षण ०.३, त्रिज्या १० सेंटीमीटर. उत्तर येतं ३६० न्यूटन-मीटर. २५० च्या इंजिनाला हे भरपूर झालं. ३३० ला कागदावर पुरतंय, पण लायनिंग तापलं, घर्षण ०.२५ वर आलं, की हाच क्लच ३०० वर येतो आणि घसरायला लागतो.

हे घसरणं पहिल्यांदा कळतं ते चढावर. जांबोटी सोडून चोर्ल्याच्या बाजूला निघालात, गाडीत चार माणसं, चौथा-पाचवा गिअर, ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी आहे तिथंच. मागून लायनिंग जळाल्याचा वास. ओव्हरटेक अर्धा झालेला असताना हे झालं तर काय, याचा विचार घरच्यांनी करायचा आहे.

मग कुठला क्लच घ्यायचा? पोरांना सहा ठोकळ्यांची सिरॅमिक प्लेट हवी असते, कारण व्हिडिओत तीच दिसते. तिचं घर्षण जास्त, उष्णताही जास्त सोसते, हे खरं. पण ती हळूहळू धरत नाही, एकदम पकडते. ट्रॅकवर ते चालतं. गणपतीच्या गर्दीत, चढावर, आई मागच्या सीटवर बसलेली असताना गाडी इंचाइंचानं पुढं न्यायची असते, तिथं ती गचके देते. प्रत्येक गचका गिअरबॉक्सला आणि ड्राइव्ह शाफ्टला बसतो.

वरच्याच हिशेबात लायनिंग साधं ऑरगॅनिकच ठेवा आणि प्रेशर प्लेटचा दाब फक्त वीस टक्के वाढवा. ३६० चे ४३२ होतात, म्हणजे ३३० ला तीस टक्के राखीव. रस्त्यावरच्या गाडीला एवढं बास. पेडल थोडं जड होतं आणि दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त लोड येतो, म्हणून सिग्नलला पाय क्लचवर ठेवून बसायचं नाही, न्यूट्रल करायचं. याच कारणासाठी गरजेपेक्षा फार कडक प्लेटही घ्यायची नाही.

आता फ्लायव्हील. आपल्यातल्या वयस्क मंडळींना मळ्यातलं जुनं ऑइल इंजिन आठवत असेल. एकच सिलिंडर, आणि बाजूला ते अवजड चाक. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात इंजिन फिरतं ठेवायचं ते काम त्या चाकाचं. चार सिलिंडरच्या गाडीत धक्के जवळजवळ येतात, म्हणून चाक लहान चालतं. काम तेच.

वजन उतरवल्यानं फायदा होतो का? होतो, पण कुठं ते बघा. १० सेंटीमीटर त्रिज्येवरचे ४ किलो काढले असं धरा. पहिल्या गिअरला इंजिन आणि चाक यांचं एकूण गुणोत्तर १३, चाकाची त्रिज्या ३१ सेंटीमीटर. पळायला लागताना गाडीचं ७० किलो वजन कमी केल्यासारखा परिणाम येतो. पण वरच्या गिअरला गुणोत्तर ३ च्या आसपास आलं की तोच फायदा ४ किलोवर येतो. म्हणजे हायवेवर काहीच नाही. पहिल्या गिअरला मात्र साठा कमी असल्यानं गाडी बंद पडते, मग पोरगं जास्त रेस देऊन क्लच सोडतं, आणि नवा क्लच तिथंच जळतो.

लॉरासारख्या गाडीत मुळात ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन चकत्या, मध्ये कमानीसारख्या स्प्रिंगा. इंजिनचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. ते चांगल्या स्थितीत असेल आणि तुमच्या टॉर्कचा क्लच त्यावर बसत असेल तर तेच ठेवा. खिळखिळं झालं असेल, गाडी बंद करताना खडखडत असेल, तर नवं घाला. सिंगल मासवर जायचंच असेल तर फोर्ज केलेल्या स्टीलचं घ्या, फार हलकं नको, आणि क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच हवी. आयडलिंगला गिअरबॉक्सचा थोडा खळखळाट येईल, तो धरून चालायचं.

आणि आता कातण्याचं. ड्युअल मासला तर लेथवर लावायचा प्रश्नच येत नाही. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत साधं बिडाचं फ्लायव्हील असतं, आणि पोरं तेच आणतात. बीड दाबाला चांगलं, ताणाला कच्चं, हे फाउंड्रीच्या गावात मी वेगळं सांगायला नको. २८ सेंटीमीटर व्यासाचं चाक ७००० आरपीएमला फिरतं, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगात चाक स्वतःलाच बाहेर ओढत असतं. त्यात क्लचच्या उष्णतेनं पृष्ठभागावर बारीक भेगा पडलेल्या. अशा चाकाची जाडी आपण कमी केली, आणि टूलचा खोल चरा कोपऱ्यात राहिला, तर ते कधी तुटेल सांगता येत नाही. तुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि पलीकडे ड्रायव्हरचे पाय असतात. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगला क्लच-फ्लायव्हीलसाठी एसएफआय १.१ हे सुरक्षेचं मानक आहे, बेलहाउसिंगसाठी ६.१. ते उगाच केलेलं नाही.

पृष्ठभाग सपाट करायला कंपनीनं दिलेल्या मर्यादेत हलका कट मारणं वेगळं. ते मीही करतो. वजन उतरवायला कातणं नाही.

खर्चाचं बोलतो. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते. तेव्हाच रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घ्या, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घाला, आणि सिंगल मास असेल तर फ्लायव्हील-प्रेशर प्लेट जोडून बॅलन्सिंग करून घ्या. मग पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी गावातच सांभाळून चालवा, लायनिंग बसू द्या. हे सगळं बजेटमध्ये बसत नसेल तर रीमॅपच पुढं ढकला. इंजिनातल्या अशा बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी हेच विचारते, हेही पोराच्या कानावर घाला.

माझ्या धंद्यातल्या लोकांना एवढीच विनंती. काम हातचं जातंय, गिऱ्हाईक तुटतंय, हे मला कळतं. महिन्याला अशी दोन-तीन फ्लायव्हील मीही परत पाठवतो. पण त्या गाडीत आपल्याच गल्लीतलं पोरगं बसणार आहे. त्याला बसवून चहा पाजा, हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, आणि क्लचच्या दुकानाचा पत्ता द्या.