आजोबांचे नाव

नाव ही पूर्वीच्यांनी साठविलेली ठेव होय. ती खर्च करणाऱ्याने तीत भर घालण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे. टाटा मोटर्सच्या ‘सफारी’कडे पाहून हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. 1998 साली आलेल्या मूळ सफारीचा लौकिक भक्कम सांगाड्यावर आणि चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या आवृत्तीवर उभा होता. 2019 साली ती बंद झाली. पुढे 2020 च्या वाहनप्रदर्शनात ‘ग्रॅव्हिटास’ म्हणून मांडलेली गाडी 2021 साली ‘सफारी’ या नावाने विक्रीस आली. तीत स्वतंत्र सांगाडा नव्हता आणि शक्ती केवळ पुढच्या चाकांना मिळत होती.

नवी गाडी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मुलाबाळांसह सोलापूरहून पुण्यास जाणाऱ्या कुटुंबाला चिखल तुडविणाऱ्या यंत्रापेक्षा सुखकर आसनच अधिक उपयोगी. आमचा आक्षेप गाडीवर नसून नावावर आहे. कारण ग्राहक मोजतो त्या किमतीत आठवणींचे मोलही मिसळलेले असते.

आमच्या शहरास नावाची किंमत ठाऊक आहे. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहे, ते परक्या मालाला तिचे नाव चिकटू नये म्हणून. मोटारीचे नाव मात्र कंपनीच्या मर्जीवर चालते. निदान जुन्यातले काय राहिले व काय गेले, हे तिने विक्रीपूर्वी स्पष्ट सांगावे. नातवाला आजोबांचे नाव ठेवता येते. आजोबांचा पराक्रम त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.