टाळेबंदी माणसांना, फाईलींना नाही

४ एप्रिल २०२० पासून दुबईत चोवीस तास घरबंदी लागली. किराणा आणायचा तर आधी ऑनलाइन परवाना. आमच्या स्वयंपाकघरात चेपलेल्या कॅनची पिशवी तेवढी फुगत चालली होती. एमिरेट्स एन्व्हायर्न्मेंटल ग्रुप ही इथली १९९१ पासूनची संस्था असा कचरा पुनर्वापरासाठी गोळा करते. त्यासाठी माणसं एकत्र यायला हवीत, आणि बंदी नेमकी त्यालाच! संस्थेने व्याख्यानं ऑनलाइन नेली. पिशवी काही ऑनलाइन पाठवता येईना. बायको म्हणाली, "डॉक्टरेट केलीस ना? काढ आता मार्ग!"

असो. कॅन चार महिने थांबले तर बिघडत नाही. जंगलाचं तसं नसतं.

त्याच एप्रिलमध्ये गोव्यात मोलेच्या अभयारण्यातून जाणारा चौपदरी रस्ता आणि वीजवाहिनी यांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ बैठकीत हिरवा कंदील दिला. रेल्वे दुपदरीकरणही रांगेत होतंच. मोर्चा काढणार कोण? मग 'आमचें मोलें'वाल्यांनी चित्रं काढली, शास्त्रज्ञांना पडद्यावर बोलावलं, पत्रं लिहून घेतली. गोव्याच्या एका सहकाऱ्याने धाडलेल्या निवेदनावर मीही इथूनच सही केली. एरवी मला कोणी विचारलं असतं?

तरी नुसत्या सह्यांवर भागलं नाही. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला लोक मेणबत्त्या घेऊन रेल्वे रुळांवर आलेच. साथीत गर्दी करणं धोक्याचं होतं, हे मला मान्य आहे. पण त्यांना त्या पाळीवर आणलं कोणी? ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती म्हणायची!

माझं म्हणणं एवढंच. साथीत संस्थांनी थांबू शकणारी कामं खुशाल थांबवावीत आणि सगळी ताकद न थांबणाऱ्या कामावर लावावी. सरकारनेही लोकांना घरात बसवलं की हरकतींचं घड्याळ थांबवावं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्यावर हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवून घ्यायला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मसुदा मराठीसारख्या भाषांत आणा, हेही न्यायालयानेच सांगितलं!

आमची पिशवी पुढे यथावकाश गेली. कापलेलं झाड मुदतवाढ देऊन परत येत नाही.