आखाडा बाजाराने बांधलेला नाही

स्पर्धेचे खेळ म्हणजे भांडवलशाहीची शिकवणी, असं डावे विचारवंत फार दिवस सांगत आले आहेत. जिंकणारा एक, उरलेल्यांनी हरण्याचा दोष स्वतःकडे घ्यायचा, हे म्हणे मैदानात अंगवळणी पडतं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, तेव्हा पैसा ओतणाऱ्यांना प्रेक्षक गिऱ्हाईक म्हणूनच हवा असतो, हे मलाही मान्य आहे.

पण बाजाराने खेळ विकला म्हणून खेळाची ओढ बाजाराने निर्माण केली, असं होत नाही. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यासारख्या जुन्या वस्त्यांत तालमीला गरडी म्हणतात, शिकवणाऱ्याला उस्ताद, आणि पैलवानाला पैलवानच. विजयादशमीला राजवाड्याच्या आवारात जेट्टी म्हणवले जाणारे पिढीजात मल्ल डोकी भादरून, मुठीत वज्रमुष्टी हे काटेरी आयुध चढवून समोरासमोर येतात. डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबते. ही प्रथा शेअरबाजाराच्या कितीतरी आधीची.

मग ती सरंजामशाहीची शिकवणी होती का? तसंही नाही. राजाश्रय गेला तरी कुस्ती उरली. आपल्याकडे महाराष्ट्रात जत्रेतले कुस्तीचे फड आजही गावच्या वर्गणीवर भरतात. पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला लोकांनी पैसे गोळा केले. प्रायोजक नव्हता, आणि कांस्यपदक आलं.

कष्टकरी माणसाला या मातीचं वेड का लागतं? दिवसभर राबूनही मजुरी मुकादमाच्या मर्जीवर, नोकरी वशिल्यावर, घर मालकाच्या लहरीवर. हौदात मात्र दोघेही लंगोटावर उतरतात. जोड बरोबरीची आहे की नाही, हे कडेला बसलेला म्हाताराही ओरडून सांगतो. पाठ टेकली की निकाल सगळ्यांसमोर. समान संधीचं जे आश्वासन बाजार देतो आणि मोडतो, ते इथे डोळ्यांनी दिसतं. या ओढीला गुलामी म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे. ती व्यवस्थेविरुद्धची तक्रार आहे. आणि हरलेला पोरगा दुसऱ्या पहाटे त्याच मातीत येतो, त्याला आयपीएलसारखं कुणी लिलावातून वगळत नाही.

तेव्हा टीकाकारांनी रोख बदलावा. दूध-बदामाचा खुराक परवडत नाही म्हणून किती पोरं गरडी सोडतात, हे महापालिकेला आणि सरकारला विचारावं. दसऱ्याच्या कुस्त्यांना टाळ्या वाजवणाऱ्या पुढाऱ्यांनी उरलेले अकरा महिने मातीचा आणि खुराकाचा खर्च उचलावा.