बाळाजवळचा मोबाइल आणि माळ्यावरचा मोबाइल

‘डॉक्टर, बाळाच्या उशाशी मोबाइल ठेवला तर चालतो का?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. ‘डॉक्टर, बंद पडलेला मोबाइल कुठे द्यायचा?’ असं मात्र आजवर कुणीही विचारलेलं नाही. माझ्या मते मुलांच्या तब्येतीसाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

नियम काय सांगतो?

टीव्ही, फोन, संगणक यांत शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि आग लवकर पसरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात ती ब्रोमिनयुक्त रसायनं असू शकतात. युरोपने १ जुलै २००६ पासून यांच्या वापरावर मर्यादा घातली. आपल्याकडे ती १ मे २०१४ पासून लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांतही कायम आहे. प्रत्येक घटकात यातला कोणताही पदार्थ ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, म्हणजे किलोमागे फार तर एक ग्रॅम. कॅडमियमसाठी मर्यादा आणखी कडक, ०.०१ टक्का. ट्यूबलाइटमधला पारा वगैरे काही बाबतींत सवलती आहेत.

नियम चांगला आहे. जे वस्तूत घातलंच नाही, ते पुढे कुणाच्या रक्तात जाणार नाही. पण २०१४ पूर्वीच्या वस्तू अजूनही आपल्या माळ्यावर पडून आहेत, आणि नवीन वस्तूही विषापासून पूर्ण मुक्त नसतात.

विष बाहेर कधी येतं?

फोन वापरताना त्यातलं शिसं तुमच्या अंगात जात नाही. ते बाहेर येतं फोन मोडताना. तांबं काढायला वायरी जाळतात, सुटे भाग काढायला सर्किट बोर्ड तापवतात, सोन्यासाठी ते ॲसिडमध्ये बुडवतात. दिल्लीच्या सीलमपूर भागात हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. चीनमधल्या गुइयू गावात असंच काम चालायचं. तिथल्या मुलांच्या रक्तात शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त शिसं आढळलं.

मुलांचंच नाव पुन्हा पुन्हा का येतं? पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, तर लहान मुलाचं जवळजवळ निम्मा. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. हे शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं. अभ्यासात लक्ष न लागणं, चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणं अशी लक्षणं दिसतात, पण बऱ्याचदा काहीच दिसत नाही. मेंदूचं झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची ‘सुरक्षित पातळी’ अशी नाहीच.

अडतं कुठे?

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. आपल्या नियमांत ही जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे आणि ते योग्यच आहे. पण माझ्या घरापासून नोंदणीकृत केंद्रापर्यंतचा रस्ता मला कोण दाखवणार? भंगारवाला दारात येतो, रोख पैसे देतो. साहजिकच वस्तू त्याच्याकडे जाते.

म्हणून भंगारवाल्याला दोष देऊ नका. गोळा करण्याचं आणि निवडण्याचं काम त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नाही. धोका जाळण्यात आणि ॲसिडमध्ये आहे. तेवढंच नोंदणीकृत कारखान्यात व्हावं आणि त्याला तिथे माल पोहोचवण्याचे रास्त पैसे मिळावेत. प्रत्येक वॉर्डात महिन्यातून एक ठरलेला दिवस ई-कचऱ्यासाठी असावा. आणि वस्तू घेताना थोडी अनामत रक्कम घेऊन ती परत केल्यावर मिळावी. काचेच्या बाटल्यांच्या बाबतीत आपण हे करतच आलो आहोत.

आपण काय करू शकतो?

- बंद वस्तू ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र वस्तूवर असतं, त्याचा अर्थ हाच.
- ज्या कंपनीची वस्तू आहे तिच्या केंद्रात ‘जुनी वस्तू परत घेता का?’ असं विचारा.
- वायरी, बोर्ड, बॅटऱ्या कधीही जाळू नका, शेकोटीतसुद्धा नाही.
- घरात कुणी भंगाराचं किंवा सोल्डरिंगचं काम करत असेल, तर घरी आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाला घ्यावं. डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं, म्हणजे गरजेप्रमाणे मुलाच्या रक्तातलं शिसं तपासता येईल.

पुढच्या वेळी बाळाला तपासायला आणाल तेव्हा उशाशी ठेवलेल्या मोबाइलबद्दल जरूर विचारा. पण माळ्यावरच्या मोबाइलचं काय केलंत, हे मीही तुम्हाला विचारणार आहे. तो जिथे जळतो, तिथेही कुणाचं तरी बाळ खेळत असतं.